कंबरेतला पीळ आणि जाणता हात

आश्विन लागला की माळव्याच्या काळ्या रानात सोयाबीनच्या कापणीची धांदल सुरू होते. देवास जिल्ह्यातील हाटपिपल्या हे या रानातलेच तालुक्याचे गाव. नावातच बाजार असलेले हे गाव मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री कैलास जोशी यांचे गाव म्हणूनही पुष्कळांस परिचित आहे. कापणीची यंत्रे आता माळव्यात फिरू लागली असली तरी विळ्याची कापणी अजून संपलेली नाही. उकिडवे बसून किंवा कंबरेत वाकून, मूठ मूठ झाड धरून कापीत पुढे सरकायचे, असे ते काम आहे. दिवस मावळता मजूर उठू लागतात तेव्हा पाहावे. गुडघ्यांवर हात टेकून माणूस आधी अर्धा उभा राहतो, क्षणभर तसाच थांबतो आणि मग कंबर सावकाश सरळ करतो. काहींची कंबर तेवढ्यानेही सरळ होत नाही.

पुढचा प्रकार मराठी वाचकास सांगावयास नको. घरी आल्यावर पालथे पडून लहान पोराला पाठीवर उभे करावयाचे, कढत तेल चोळून घ्यावयाचे, आणि उसण भरली असेल तर गावातला पायाळू माणूस शोधून त्याचा पाय कंबरेला लावून घ्यावयाचा. पायाळूच्या पायाने उसण जाते ही समजूत महाराष्ट्रात जितकी रुजलेली आहे तितकीच उत्तर हिंदुस्थानातही आढळते. तालमीतला वस्ताद, बाळंतिणीला चोळणारी सुईण, डोके-अंग रगडून देणारा न्हावी आणि गावचा हाडवैद्य ही सारी याच परंपरेतली माणसे होत. दुखऱ्या अंगावर हात ठेवणे हा मनुष्यजातीचा अगदी जुना उपचार आहे.

हा हात नेमके करतो तरी काय? तो कोठवर पोहोचतो? आणि त्याने कोठे थांबावे? ज्याची भाकरी कंबरेच्या बळावर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. योग्य हाताने त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते. अयोग्य हाताने एखादा गंभीर रोग महिनोन् महिने झाकला जाण्याचा संभव असतो.

प्रथम कंबरेची आतली रचना पाहू. कंबर दुखते तेव्हा हात आपोआप पाठीमागे जातो, पण कंबरेला ओढून धरणारा एक फार बळकट स्नायू पाठीत नसून पोटाच्या मागच्या भिंतीला लागून असतो. शरीरशास्त्रज्ञ त्याला ‘सोअस’ म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी कंबरेचा भाग असा आहे. छातीचा शेवटचा मणका व कंबरेचे पाचही मणके यांच्या दोन्ही बाजूंपासून हा स्नायू निघतो, ओटीपोटाच्या मागून खाली उतरतो, कमरेच्या रुंद हाडाच्या आतल्या बाजूने येणाऱ्या ‘इलियाकस’ नावाच्या स्नायूस मिळतो आणि जांघेतून पुढे येऊन मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यास चिकटतो. कण्यास पायाशी थेट जोडणारा महत्त्वाचा दुवा तो हाच. पाऊल उचलणे, जिना चढणे, निजल्या जागेवरून उठून बसणे या सर्व क्रियांत तो मांडीला पोटाकडे ओढतो. मांडी स्थिर असली तर तोच कण्याला पुढे ओढतो, आणि कंबरेच्या दुखण्यात त्याचे नाव वारंवार निघते ते यामुळेच.

त्याच्या शेजारी आणखी दोन स्नायू लक्षात ठेवावयास हवेत. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची कड यांच्यामध्ये एक चौकोनी स्नायू आहे. एका हातात पाण्याची बादली घेऊन चालताना अंग एका बाजूस कलू नये म्हणून तो राबतो. दुसरा नितंबाच्या मांसल भागाखाली खोल दडलेला असतो. त्याचा आकार नासपतीसारखा म्हणून त्याचे नाव ‘पिरिफॉर्मिस’. पायात उतरणारी मोठी नस बहुतेकांच्या शरीरात त्याच्या खालून जाते आणि काही थोड्या लोकांत ती त्याच्या मधूनच जाते. हा स्नायू आखडला म्हणजे त्या नसेवर ताण पडून कळ मांडीच्या मागून खाली उतरू शकते. आयुर्वेदाने ‘गृध्रसी’ या नावाने जे दुखणे वर्णिले आहे तेही नितंबापासून आरंभून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी अशा क्रमाने पावलापर्यंत जाते. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. अशा दुखण्याचे कारण प्रत्येक वेळी हा स्नायूच असतो असे मात्र नव्हे. पुष्कळदा मणक्यांमधील गादी सरकून नसेचे मूळ दाबले गेलेले असते.

पुढचा स्नायू आखडला आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे, आणि तिच्यामागची कथाही मनोरंजक आहे. ह्यू ओवेन थॉमस हा एकोणिसाव्या शतकातला लिव्हरपूलचा अस्थिशल्यचिकित्सक. त्याचे घराणे वेल्समधील हाडवैद्यांचे होते आणि वडीलही हाडवैद्यच होते. थॉमसने मात्र वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतले. घराण्यातील हातांचे कसब आणि विद्यालयातील शरीरशास्त्र यांचा त्याच्या ठायी संगम झाला. खुब्याचा सांधा बाकात अडकलेला असला तरी रोगी कंबरेची कमान वाढवून तो बाक लपवतो, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून त्याने रोग्यास उताणे निजवून एक गुडघा छातीशी धरावयास लावला. कंबर जमिनीला टेकली, कमान नाहीशी झाली, आणि दुसरा पाय आपोआप वर उचलला जाऊन खरा बाक उघड झाला. ही परीक्षा आजही जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते. घरीही ती करून पाहता येते. सतरंजीवर उताणे निजून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी घ्यावा. पसरलेली दुसरी मांडी जमिनीस टेकून राहिली तर ठीक. ती वर उचलली जात असेल तर खुब्यापुढचे स्नायू आखडलेले आहेत असे समजावे.

स्नायू आखडतो म्हणजे काय, याविषयी लोकांत बरेच गैरसमज आहेत. मालिश करणारा ‘गाठ फोडली’ असे म्हणतो, कोणी ‘शीर चढली होती, ती उतरवली’ असे सांगतो, आणि पाठ दाबताना कट् असा आवाज आला की हाड जागेवर बसले अशी घरच्यांची खात्री होते. वस्तुतः तो आवाज सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा होण्याशी संबंधित असतो; हाड सरकण्याशी त्याचा संबंध नाही. शरीरातील जाड, चिवट पटले हाताच्या दाबाने फारशी ताणलीही जात नाहीत. मग आराम वाटतो तो कशाने? स्नायूचा ताण मज्जासंस्थेच्या हुकमतीत असतो. दुखऱ्या जागेचे रक्षण करावे म्हणून मज्जासंस्था भोवतालच्या स्नायूंना आवळून धरते आणि त्या आवळण्यानेच दुखणे वाढते. संथ, उबदार व स्थिर दाबामुळे त्वचेतून आणि स्नायूतून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात ते हा पहारा सैल करतात. श्वास मंदावतो, भीती ओसरते, स्नायू सुटतो. घाबरलेल्या बैलाला काठीने हाकलून गोठ्यात घेता येत नाही. मानेवर हात फिरवीतच न्यावे लागते. आखडलेल्या स्नायूचेही तसेच आहे. जोर लावला की तो अधिकच आवळतो.

पायाळूच्या पायाचे मर्मही बहुधा यातच असावे. बहुतेक उसणी काही दिवसांत आपल्या आपणच उतरतात, हे त्यातले मोठे कारण. त्यात भर पडते ती हलक्या स्पर्शाची आणि आता आपण बरे होणार या विश्वासाची. श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही, परंतु पायाच्या जागी कोणी लाथ मारू लागला तर तिच्या आड लपण्याचेही कारण नाही.

मालिशने कंबरेचे दुखणे किती कमी होते याचा तपास शास्त्रज्ञांनी केला आहे. कोक्रेन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २५ चाचण्यांचा परामर्श घेतला होता. अल्प मुदतीत आराम पडतो, पण तो फार काळ टिकत असल्याचा पुरावा नाही आणि एकंदर पुरावा दुबळाच आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात रोग्यास दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मानसिक आधार यांबरोबर मालिशसारख्या हस्तोपचारांनाही जागा आहे. कमरेचा पट्टा व वजने लावून ओढण्याचे उपचार यांची मात्र नेहमीसाठी शिफारस केलेली नाही. याच संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. तेव्हा हाटपिपल्याच्या रानातला तो अर्धा उभा राहिलेला मजूर एकटा नाही.

आता प्रत्यक्ष कृती. घरच्या माणसाने घरच्या माणसाची कंबर चोळावयाची असेल तर पुढील पथ्ये पाळावीत. आधी रोग्यास उताणे निजवून त्याच्या पोटऱ्या एखाद्या स्टुलावर किंवा गादीच्या वळकटीवर ठेवाव्यात, म्हणजे गुडघे व खुबे वाकलेले राहतात आणि पुढचा सोअस स्नायू हात न लावताच सैल पडतो. दहा मिनिटे असे निजणे हा एक उपचारच होय. मग पालथे निजवून पोटाखाली पातळशी उशी द्यावी. तिळाचे किंवा मोहरीचे तेल कोमट करून घ्यावे. तळहाताने शेवटच्या बरगडीपासून नितंबापर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर संथपणे हात फिरवावा. मणक्याच्या हाडावर दाब कधीही देऊ नये. चौकोनी स्नायूसाठी रोग्यास कुशीवर निजवून बरगडी व कमरेचे हाड यांमधल्या मऊ जागेत मागच्या बाजूने तळहाताचा हलका दाब द्यावा. तेथे वरच्या बाजूस मूत्रपिंड असते, म्हणून कोपर किंवा अंगठा खुपसू नये. नितंबाच्या मध्यभागी मात्र मूठ टेकून अर्धा ते एक मिनिट स्थिर दाब देण्यास हरकत नाही. पायात मुंग्या आल्या वा कळ उतरली तर हात लगेच काढावा. दाब किती द्यावा? ज्या दाबाला रोग्याचा श्वास अडकत नाही तेवढाच. दात-ओठ खाऊन सोसण्यात कसलाही गुण नाही.

सोअस स्नायूस पोटातून हात लावणे हे यापेक्षा वेगळे प्रकरण आहे. जाणकार भौतिकोपचारतज्ज्ञ बेंबी व कमरेच्या हाडाचे पुढचे टोक यांच्या दरम्यान बोटांची टोके ठेवतो आणि रोग्याच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ती थोडी थोडी आत जाऊ देतो. रोग्याने गुडघा किंचित उचलला की बोटांखाली स्नायू ताठ होतो आणि जागा निश्चित कळते. बोटांना नाडीचे ठोके लागले तर तो तत्काळ मागे सरतो. कारण या स्नायूच्या शेजारी महाधमनी आहे, आतडी आहेत, मूत्रवाहिनी त्याच्यावरून जाते आणि पायाकडे जाणाऱ्या नसा त्याच्या आतूनच निघतात. यूट्यूबवरचे चित्रण पाहून किंवा ‘बेंबी सरकली’ म्हणून कोणाच्याही हाती पोट सोपवणे धोक्याचे आहे ते याचसाठी.

आणि इथेच हाताच्या मर्यादेचा मुख्य प्रश्न येतो. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १७७९ साली कण्याच्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो रोग म्हणजे मणक्यांचा क्षय. त्यात किडलेल्या मणक्यातला पू सोअस स्नायूच्या वेष्टणातून खाली उतरतो आणि कधी कधी जांघेत गळू होऊन दिसू लागतो. त्या गळूला ठणका वा ऊन लागणे फारसे नसते, म्हणून घरचे त्याकडे दुर्लक्ष करतात. रोगी पाय सरळ करू शकत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की कंबर आखडली आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या भ्रमाची किंमत कळते. तेल चोळण्यात जे महिने जातात त्या महिन्यांत मणका खचून पाठीस कुबड येऊ शकते व पाय लुळे पडू शकतात. वेळीच निदान झाले तर हा रोग औषधांनी बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात.

म्हणून कंबरेवर हात ठेवण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. संध्याकाळी ताप येतो काय, वजन उतरले आहे काय? रात्री निजल्यावरही दुखणे कमी होत नाही काय? मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा, पाऊल उचलताना लुळेपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काही आहे काय? पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणे सुरू झाले काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर मालिश नको, डॉक्टर हवा. लघवीचा ताबा सुटला असेल तर तासाचाही विलंब करू नये. कुशीपासून जांघेपर्यंत लाटेसारखी कळ आणि वांती असेल तर तो बहुधा मूतखडा होय. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळणे प्राणघातक ठरू शकते. गर्भवती स्त्रीचे पोट आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या माणसाचे अंग जोराने रगडू नये.

अशी पथ्ये सांगणे म्हणजे परंपरेचा अव्हेर करणे नव्हे. चरकसंहितेत अभ्यंगाचे महत्त्व सांगताना तेलाने मुरवलेला घडा, तेल दिलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस यांचे दृष्टांत दिले आहेत. बैलगाडी हाकलेल्या माणसाला यापेक्षा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्याच आयुर्वेदाने अभ्यंग कोणी करू नये हेही सांगून ठेवले आहे. अजीर्ण झालेल्यास तो वर्ज्य मानला आहे. उपचाराबरोबर निषेधही सांगणे ही खऱ्या विद्येची खूण होय. विसाव्या शतकात याच विचाराला संस्थांचे रूप आले. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. १९४६ साली गांधीजींच्या प्रेरणेने उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, आणि त्याला निमित्त झाली ती पोलिओची साथ. लुळ्या पडलेल्या मुलांना हातांनी आणि हालचालींनी पुन्हा उभे करावयाचे होते. थॉमसच्या घरात जे एका पिढीत घडले तेच येथे निराळ्या रीतीने घडले. हाताचे कसब शाळेत गेले आणि तेथे ते नुसते कोठे दाबावे हेच नव्हे, तर कोठे दाबू नये हेही शिकले.

शेवटी एक गोष्ट उरते. हाताने सोडवलेला स्नायू रात्रभर सैल राहील, पण सकाळी विळा घेऊन पुन्हा तेच वाकणे आले तर संध्याकाळी तोच पीळ परत येणार. हाताने मिळवलेला आराम टिकवणे हे हालचालीचे काम आहे. तासाभराने उठून चार पावले चालावे, दोन्ही तळहात कंबरेवर ठेवून सावकाश मागे वाकावे. सायंकाळी एक गुडघा जमिनीला टेकून व दुसरा पाय पुढे ठेवून कंबर हळूहळू पुढे न्यावी, म्हणजे मागच्या पायाच्या जांघेत ताण जाणवतो. अर्धा मिनिट तेथे थांबून पाय बदलावा. पुष्कळ वेळ वाकून काम केल्यावर लगेच पोते उचलू नये. वाकलेल्या स्थितीत कण्याचे बंध ताणून सैल झालेले असतात, त्यांना पूर्ववत् होण्यास काही मिनिटे द्यावी लागतात. दुकानात वा कचेरीत दिवसभर बसणाऱ्यांसही हे सारे लागू आहे. त्यांच्या हाती विळा नसतो इतकेच.

शेतमालकाच्याही ध्यानात एक गोष्ट यावी. तासाकाठी दोन मिनिटांची उसंत ही मजुराची कामचुकारी नसून त्याच्या उद्याच्या कामाची तरतूद आहे. ज्याला रोजंदारीवर घर चालवावे लागते त्याच्यापाशी मोडण्यासारखे भांडवल एकच असते, आणि ते त्याच्या कंबरेत असते. रात्री पोराचे पाय, बायकोचा हात किंवा शेजाऱ्याचे तेल त्याला जरूर मिळावे. मात्र दिवसा त्याला पाठ सरळ करावयास सवडही मिळावी आणि दुखणे हटेनासे झाले तर दवाखान्याची वाट दाखवणारे कोणी असावे. चोळणाऱ्या हाताइतकाच थांबणारा हातही जाणता असतो.